चित्रात माणूस किती सेंटिमीटरचा?

गिरगावातल्या एका वाडीत वाढलेल्या तरुण चित्रकर्तीने विचारलं आहे: ‘चाळीची रेखाटनं मी ए-फाइव्ह वहीत करते. बघणाऱ्यांना ती आवडतात. प्रदर्शनासाठी त्यांतलंच एक प्रोजेक्टर लावून पाच फुटी कॅनव्हासवर मोठं केलं, तर त्यातली वाडीच हरवली. असं का झालं? वस्ती रंगवायला मोठा आकार बरा की लहान? आणि शेजारच्या नव्या टॉवरच्या गच्चीवरून अख्खी वाडी एका नजरेत दिसते, ते दृश्य घेऊ का?’

आधी आकडे मांडू, कारण उत्तराचा बराचसा भाग त्यांतच आहे. ए-फाइव्हची लांब बाजू २१ सेंटिमीटर, पाच फूट म्हणजे १५२. प्रत्येक रेघ साधारण सव्वासात पट लांब झाली आणि क्षेत्रफळ पन्नास पटींहून जास्त वाढलं. आता तुमची चाळ घ्या. तळमजला अधिक तीन मजले, वर कौलं, म्हणजे उंची चौदा मीटरच्या आसपास. तिच्या पायथ्याशी उभा माणूस साडेपाच फुटी. चाळ त्याच्या आठ पटींहून जास्त उंच. वहीच्या उभ्या पानावर चाळ १७ सेंटिमीटरची काढली की तो माणूस दोन सेंटिमीटरचा होतो आणि त्याचं डोकं तीन मिलिमीटरचंही भरत नाही. तिथे तुम्ही पेनाचा एक ठिपका दिला असणार, खांद्याची एक तिरकी रेघ, बादलीसाठी एक इवलासा चौकोन. एवढ्यावर बघणाऱ्याने उरलेला माणूस आपल्या मनाने पुरा केला. त्याला तुमच्या वाडीतला नसला तरी त्याच्या ओळखीचा कुणीतरी तिथे दिसला.

कॅनव्हासवर तोच माणूस साडेचौदा सेंटिमीटरचा झाला. डोकं दोन सेंटिमीटरचं, आणि त्यात काहीच नाही. दोन सेंटिमीटरच्या आकृतीला नाकडोळे नाहीत हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. साडेचौदा सेंटिमीटरच्या आकृतीला ते नसले की चेहरा कुणीतरी पुसून टाकल्यासारखा दिसतो. शिवाय अर्ध्या मिलिमीटरच्या पेनाची रेघ साडेतीन मिलिमीटर जाड झाली, मजल्यांमध्ये मोकळी सोडलेली सेंटिमीटरभर पांढरी जागा सात सेंटिमीटरचं ओसाड पटांगण झाली. वहीत हे सगळं मनगटाने झालं होतं. त्या ठिपक्यात मनगटाचा वेग होता. प्रोजेक्टरने वेग काढून घेतला आणि फक्त बाह्यरेषा पोचवली. तुम्ही ती गिरवलीत, म्हणून वाडी गेली.

मी विद्यार्थ्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो: वस्तीचं चित्र करायचं असेल तर कॅनव्हासचं माप शेवटी ठरवा. आधी चित्रातला माणूस किती सेंटिमीटरचा असणार ते ठरवा. त्या एका आकड्यातून बाकीची सगळी मापं आपोआप निघतात. किती मजले मावतील, तुम्ही किती लांब उभं राहायचं, कुंचला कुठला, बघणारा किती अंतरावर थांबेल, आणि शेजाऱ्यांपैकी कोण ओळखू येईल हेसुद्धा.

एक सेंटिमीटरच्या खाली माणूस म्हणजे गर्दीचा दाणा. तो चालतोय की उभा आहे एवढंच कळतं, आणि तेवढ्यातच काम होतं जर तुम्हाला रस्त्याची वर्दळ सांगायची असेल. दोन-तीन सेंटिमीटरला चाल दिसायला लागते. पाणी भरून येणाऱ्या बाईचा एका बाजूला झुकलेला खांदा, जिना चढताना गुडघ्यावर ठेवलेला म्हाताऱ्या माणसाचा हात. चेहऱ्याशिवाय आपण शेजाऱ्याला लांबून ओळखतो ते नेमकं याच खुणांवरून, म्हणून वस्तीच्या चित्राला हे माप मला सगळ्यांत उदार वाटतं. सात सेंटिमीटरचा टप्पा अवघड. डोकं एक सेंटिमीटरचं होतं, चेहरा टाळता येत नाही आणि नीट करताही येत नाही. पंधराच्या पुढे तो माणूस अमुक एक माणूस होतो. आणि चाळीसच्या पुढे गेलात की चाळ चित्राबाहेर जाते, कारण त्या मापाने पूर्ण चाळ काढायला जवळजवळ साडेतीन मीटर उंच कॅनव्हास लागेल. मग उरतो एक खांब, कठड्याचा तुकडा, मीटरबोर्डाखालची सावली. वस्ती तेव्हा माणसाच्या अंगावरून वाचावी लागते.

एकाच चित्रकाराने एकच गाव दोन मापांत कसं पाहिलं हे बघायचं असेल तर सतराव्या शतकातल्या डेल्फ्ट या डच शहराकडे जावं. तिथल्या व्हर्मीर या चित्रकाराचं गल्लीचं चित्र साधारण १६५८ चं, आता ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. माप ५४.३ बाय ४४ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या हाफ इम्पिरियल (२२ बाय १५ इंची) कागदापेक्षा थोडंसंच मोठं. विटांचं जुनं घर, दारात बसून शिवणकाम करणारी बाई, बोळात पिंपाशी वाकलेली दुसरी बाई, फरसबंदीवर गुडघे टेकून खेळणारी दोन मुलं. चौघांपैकी एकाचाही चेहरा रेखलेला नाही. तरी त्या बाईची मान कशी झुकली आहे, त्यावरून ती किती वेळ शिवत बसली आहे हे कळतं. भिंतीच्या भेगा आणि त्या भरलेल्या जागाही तितक्याच मनापासून रंगवलेल्या आहेत. दोन-तीन वर्षांनी त्याच चित्रकाराने त्याच शहराचं मोठं दृश्य केलं, ९६.५ बाय ११५.७ सेंटिमीटर. ते हेगच्या मॉरित्सहाउसमध्ये आहे. कॅनव्हास मोठा झाला, पण माणसं लहान झाली. अलीकडच्या काठावर थोडी मंडळी उभी आहेत आणि पलीकडे पाणी, वेशी, छपरं, मनोरे. तिथे डेल्फ्ट हे एक गाव म्हणून दिसतं. कुणाचं घर कुठलं, हा प्रश्न मनात येतच नाही.

म्हणजे कॅनव्हास मोठा केला की जवळीक वाढते असं काही नाही. तुम्ही मोठ्या आकाराकडे वळलात त्यामागे बहुधा हीच समजूत होती. गल्लीच्या चित्रातलं घर नेमकं कुठलं यावर २०१५ मध्ये एका संशोधकाने १६६७ च्या कालव्याकाठच्या करनोंदी तपासून ते व्हर्मीरच्या आत्याचं घर असल्याचा निष्कर्ष मांडला. तो धरला तर हे लहान चित्र नात्यातल्या घराचं आहे, आणि मला त्यात नवल वाटत नाही.

उलट्या टोकाचं उदाहरण आपल्याकडे आहे. चित्रकार रावबहादुर धुरंधरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या माणसांची पोस्टकार्डं केली. पोस्टकार्ड म्हणजे तळहाताएवढा कागद. त्यावर माणूस मोठा घेतला की आळी मागे उरत नाही. पेहराव, ठेवण, चालण्यातला ठसका सगळं अचूक, पण ही बाई कुठल्या गल्लीतून आली ते सांगायला कागदच शिल्लक नाही. धुरंधरांचा हात असामान्य होता, त्यामुळे आकाराचं बंधन किती कडक असतं ते तिथे जास्तच स्पष्ट दिसतं.

आता तुमच्या वाडीची भूमिती. चौदा मीटरची इमारत एका नजरेत, रेषा फारशा न कलता बघायची तर निदान वीस-पंचवीस मीटर मागे जावं लागतं. वाडीतल्या गल्लीची रुंदी किती? चार मीटर, फार तर पाच. याचा अर्थ वाडीत राहणाऱ्या कुणीही आपली चाळ समोरून पूर्ण कधी पाहिलेलीच नसते. ती पाहिली जाते मान वर करून, तुकड्यातुकड्यांत: कठड्याचा खालचा भाग, वाळत घातलेल्या चादरीची किनार, वरच्या मजल्यावरून बोलणाऱ्याची हनुवटी, आणि दोन छपरांमधली आकाशाची पट्टी. जवळच्याच खोताच्या वाडीत जाऊन बघा. तिथली जुनी घरं बहुतेक दुमजली, लाकडी जिने बाहेरून, पुढे ओटी. बोळ अरुंद असूनही घर बुटकं असल्यामुळे समोरच्या ओट्याला पाठ लावली की घर बऱ्यापैकी नजरेत मावतं. म्हणून खोताच्या वाडीची चित्रं सहसा पूर्ण घराची असतात. चाळीचं तसं करायला गेलं की चित्रकार नकळत समोरची इमारत मनातल्या मनात पाडतो आणि मोकळ्या हवेत उभा राहून काढतो. तुमच्या सतरा सेंटिमीटरच्या चाळीत तेच झालं आहे का, ते वही उघडून पाहा. वहीच्या मापात ते खपून जातं, मोठ्या मापात बघणाऱ्याला आपण कुठे उभे आहोत हेच उमगत नाही.

यावर बरेच जण मोबाइलचा वाइड कॅमेरा काढतात. अरुंद गल्लीत अख्खी चाळ चौकटीत येते खरी, पण खांब आत झुकतात आणि कडेला उभा माणूस फुगतो. तपशिलासाठी फोटो जरूर घ्या, जाळीची नक्षी, पाट्यांवरची अक्षरं, पाइपांची गुंतागुंत. प्रमाण मात्र फोटोवरून घेऊ नका. गल्ली पावलांनी मोजा. पायऱ्या मोजा. कठडा तुमच्या कमरेला लागतो की छातीला, ते लिहून ठेवा. आणि नजरेची पातळी आधी आखा. सपाट गल्लीत उभं राहून काढत असाल तर जवळच्या आणि लांबच्या, तुमच्याएवढ्याच उंचीच्या सगळ्या उभ्या माणसांचे डोळे त्या एकाच आडव्या रेषेवर येतात. फक्त पाय वरखाली होतात. एवढं सांभाळलं तरी गल्लीत चालता येण्याजोगा खोलपणा येतो.

टॉवरच्या गच्चीबद्दल. तिथून जरूर बघा, रेखाटनही करा. वाडीचा आराखडा, चाळींच्या रांगा कशा एकमेकींकडे तोंड करून बसल्या आहेत, मधला चौक, त्यात दरवर्षी मंडप कुठे पडतो, हे सगळं वरूनच कळतं. पण ते तुमचं मुख्य चित्र करण्याआधी त्या नजरेतून काय गळतं ते नीट ओळखा. न्यूयॉर्कच्या क्वीन्स म्युझियममध्ये अख्ख्या शहराची प्रतिकृती आहे, १९६४ च्या जागतिक प्रदर्शनासाठी केलेली, प्रमाण एकास बाराशे. ती रॉबर्ट मोझेस यांच्या पुढाकाराने झाली, ज्यांनी त्या शहरातल्या भरवस्त्यांमधून महामार्ग नेले. त्या प्रमाणात माणूस दीड मिलिमीटरचाही होत नाही. इमारती, पूल, बागा सगळं तिथे आहे, रहिवासी असूच शकत नाहीत. त्या उंचीवरून रस्ता आखताना मध्ये कुणी येत नाही. आपल्याकडे पुनर्विकासाच्या माहितीपत्रकांतही वाडी अशीच दिसते: पत्रे, निळी ताडपत्री, पाण्याच्या टाक्या, आणि शेजारी उजळ रंगातली नवी इमारत. खालच्या दहा बाय बाराच्या खोलीत कोण राहतं ते त्या चित्रात येत नाही, आणि ज्यांना ती जागा मोकळी झालेली हवी आहे त्यांना ते आणायचंही नसतं. तुम्ही तिथल्या रहिवासी आहात. त्या नजरेने वाडी रंगवायची असेल तर पूर्ण जाणीव ठेवून रंगवा.

वरून बघूनही माणूस गमावावा लागत नाही, हे सुधीर पटवर्धनांच्या कामात शिकण्यासारखं आहे. ते ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करत होते आणि त्याच काळात चित्रं करत होते. सत्तरच्या दशकातल्या त्यांच्या चित्रांत माणूस मोठा आहे, वजनदार, चौकट व्यापणारा. १९७७ च्या ‘इराणी रेस्टॉरंट’मध्ये आपण जणू समोरच्याच टेबलाशी असतो. पुढे नजर मागे सरकत गेली, टेकड्या, रेल्वेमार्ग, इमारतींचे पुंजके आले, आणि २००१ मध्ये गिरणगाव बदलत असताना ‘लोअर परळ’ झालं. २०१४ चं ‘मुंबई प्रॉव्हर्ब्स’ तर सात फलकांचं आहे. माझ्या मते त्यांचं खरं कसब असं की एकाच चित्रात ते एकाच जागेवरून बघत नाहीत. लांबचा भाग उंचावरून, जवळचा रस्त्यावरून, आणि दोन्हींचा सांधा असा की बघणाऱ्याला गच्चीवरून खाली उतरत आल्यासारखं वाटावं. असं केलं तर मोठा कॅनव्हास सार्थकी लागतो, कारण मोठ्या चित्राकडे माणूस दोनदा बघतो: एकदा दालनाच्या पलीकडून, एकदा हातभर अंतरावरून. दोन्ही ठिकाणी त्याला काही मिळालं पाहिजे. तुमच्या कॅनव्हासमध्ये लांबून बघायला चाळ होती, जवळ आल्यावर फक्त जाड रेघा होत्या.

आणखी एक मार्ग आहे, आणि तुमचा हात बघता मी तोच सुचवेन. गल्ली ही लांबट वस्तू आहे, तिला पाच फुटी चौकट मुळात का द्यायची? बाराव्या शतकातल्या चीनमध्ये झांग झेदुआन याने राजधानीच्या नदीकाठचं जे गुंडाळीचित्र केलं त्याची उंची फक्त २४.८ सेंटिमीटर आणि लांबी सव्वापाच मीटरहून अधिक. ते एका वेळी हातभर उलगडून बघायचं. माणसं बोटाच्या पेराएवढीच, पण शेकड्यांनी, आणि प्रत्येकाला काही ना काही काम आहे: नाव ओढणं, ओझं वाहणं, पुलावरून खाली वाकून ओरडणं. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेत हीच गोष्ट सुट्या पानांनी साधली आहे. एकेक पान समोर धरायचं, गाऊन कथा सांगायची, मग पुढचं पान. एका पानावर एकच प्रसंग, आकृत्या मोठ्या, पार्श्वभूमी जवळजवळ नाही. पोथी संपेपर्यंत मात्र अख्खी कथा बघून होते. चाळीतलं आयुष्यही असंच पानापानाने दिसतं. सकाळचं पाणी, दुपारचा सुना जिना, संध्याकाळी कठड्याला टेकलेल्या बायका, रात्री गॅलरीत अंथरलेल्या पथाऱ्या. एका कॅनव्हासवर हे सगळं कोंबण्यापेक्षा हाफ इम्पिरियलच्या दहा-बारा कागदांची पोथी करा. माणूस आठ-दहा सेंटिमीटरचा ठेवा आणि इमारतीचा जेवढा भाग उभं राहिलं त्या जागेवरून खरोखर दिसतो तेवढाच घ्या. पूर्ण चाळ बघणाऱ्याच्या डोक्यात उभी राहू द्या.

एखादं मोठं काम हवंच असेल तर ते वहीतून मोठं करू नका, मोठ्यातच सुरू करा. भिंतीला तपकिरी कागद लावा, हातात कोळशाची जाड कांडी घ्या आणि खांद्यापासून रेघ ओढा. मनगटाला वहीत जी सवय लागली आहे ती इथे उपयोगी नाही, हात पूर्ण फिरला पाहिजे. विषय घ्या जिन्याचं एकच वळण, माणूस साठ-सत्तर सेंटिमीटरचा, पाठमोरा. लाकडी कठडा हाताच्या मळाने आणि तेलाने जिथे काळा-गुळगुळीत झालाय तो भाग या मापात रंगवण्याजोगा होतो. वहीत तो दिसलाही नव्हता.

आणि एकास एक हे प्रमाणही विसरू नका. कोरियन कलावंत डो हो सू यांनी न्यूयॉर्कमधल्या आपल्या भाड्याच्या घराच्या आतल्या बाजूला सगळीकडे कागद चिकटवून त्यावर रंगीत पेन्सिली घासल्या. खिडकीच्या चौकटी, बटणं, मुठी सगळं जसंच्या तसं कागदावर उतरलं. तुमच्या चाळीच्या पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्या असतील. एका पायरीवर पातळ कागद ताणून धरा आणि सपाट धरलेल्या पेन्सिलीने घासा. कडेला लाकडाच्या शिरा गडद उमटतील, मध्ये जिथे पिढ्यान्‌पिढ्या पाय पडले तिथे कागद खाली दबेल आणि ठसा फिका येईल. तळापासून वरपर्यंतच्या पायऱ्यांचे ठसे एकाखाली एक लावले तर वरच्या मजल्याकडे झीज कमी होत गेलेली दिसते, कारण वर कमी माणसं जातात. इतकी माहिती कुठलंही यथादर्शन (पर्स्पेक्टिव्ह) देणार नाही. वाडी पुनर्विकासात जाणार असेल तर हे काम सगळ्यांत आधी करा.

मांडणीचं थोडक्यात. लहान चित्रं लांबलांब टांगू नका, गल्लीच्या क्रमाने जवळजवळ लावा, आणि मध्यरेषा बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीला ठेवा. जिन्याचं मोठं चित्र जमिनीपासून वीतभरच वर लावा, म्हणजे त्यातली पायरी बघणाऱ्याच्या पायापाशी येईल.

राहिला प्रश्न शेजाऱ्यांचा. तो तुम्ही विचारलेला नाही, पण मापाशी त्याचा थेट संबंध आहे. दोन सेंटिमीटरच्या आकृतीसाठी कुणाची परवानगी घ्यावी लागत नाही. आकृती आठ-दहा सेंटिमीटरची झाली की चेहरा अर्धवट असला तरी वाडीतले लोक चालीवरून आणि साडी नेसण्याच्या लकबीवरून माणूस ओळखतात, आणि पंधराच्या पुढे बाहेरचेही ओळखतात. नळावर गाऊनवर आलेल्या काकूंना आपण दालनात टांगलेलं आवडेलच असं नाही. प्रदर्शनाच्या आधी ते कागद त्यांच्या घरी नेऊन दाखवा. त्या नको म्हणाल्या तर आकृती पाठमोरी करा किंवा ते पान बाजूला ठेवा. हो म्हणाल्या तर चित्रात काय चुकलंय ते त्यांनाच विचारा, कारण नळाची तोटी कुठल्या बाजूला फिरते आणि पिंपाचं झाकण कुठे टेकवून ठेवतात हे त्यांना तुमच्यापेक्षा पक्कं माहीत असतं.